मार्चअखेरचं दान

मार्चची अठ्ठावीस तारीख. माळेगाव बुद्रुकच्या शिवारात, कालव्याच्या अलीकडे ऊसतोडीच्या टोळीचा अड्डा होता. होता म्हणते, कारण त्या दिवशी तो निम्मा मोडलेला होता. कारखान्याचा पट्टा पडायला आलेला. कोप्यांवरची पाचटं उतरवलेली, भांडी पोत्यात बांधलेली, एका गाडीवर खाट उलटी टाकून तिला शेळी बांधलेली. अशा वेळी एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. त्यातून चार माणसं, एक बॅनर आणि सॅनिटरी पॅडची खोकी उतरली. बॅनर बांधायला झाड सापडेना, तेव्हा तो उलट्या खाटेच्या पायांना बांधला. पंचवीस बायांना रांगेत उभं केलं, प्रत्येकीच्या हातात पाकिटं दिली, फोटो काढले. वीस मिनिटांत कार्यक्रम झाला.

त्या माणसांना तिथं घेऊन जाणारी मीच होते. म्हणून हे लिहिते आहे.

गाडी गेल्यावर आष्टीकडची एक बाई माझ्यापाशी आली. हातात ती पाकिटं होती. म्हणाली, "ताई, हे बरं हाय. पन बदलायचं कुटं? समदीकडून ऊस तुटून गेला, आडोसाच ऱ्हायला नाई." आणि मग, माझा चेहरा पडलेला बघून, मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. गावाकडं न्हेते."

ती खोकी अठ्ठावीस मार्चलाच का आली? त्या देणगीदारांना बायांची पाळी मार्चमध्येच येते असं वाटत नव्हतं. एकतीस मार्चला त्यांचं वर्ष संपत होतं. खर्ची न पडलेली रक्कम मार्चच्या आत खर्ची पडायला हवी होती. आमच्या संस्थेकडे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरीचं पत्र आलं, फेब्रुवारीत करार झाला, मार्चच्या मध्यावर पैसे आले. टोळ्या येतात दिवाळीच्या मागंपुढं. सगळा हंगाम आम्ही कागद फिरवण्यात घालवला आणि बाया परतीच्या गाडीत बसताना आमचं दान येऊन पोहोचलं. जूनमध्ये देणगीदारांच्या बाई लाभार्थींची पाहणी करायला आल्या, तेव्हा अड्ड्याच्या जागी नांगरट झालेली होती.

मैत्रिणींनो, हा एखाद्या संस्थेचा गलथानपणा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. मला दिसतो तो यापेक्षा मुळातला घोळ आहे. देणगीचं वर्ष वेगळं आणि उसाचं वर्ष वेगळं, आणि ज्याच्या हातात पैसा त्याचंच पंचांग चालतं. कला, आरोग्य, शिक्षण या तीन शब्दांवर आज ज्या काही देणग्या निघतात, "वंचित घटकांसाठी" म्हणून ज्यांची पत्रकं छापली जातात, त्यांत त्या वंचित बाईला विचारून ठरवलेली गोष्ट मला अजून सापडायची आहे.

हे वाचून काहीजणी म्हणतील, ही बाई दानाच्याच विरोधात आहे. तसं नाही. परक्याच्या पैशाशिवाय आपली चळवळ उभी राहिली असा खोटा अभिमान मला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं ते अमेरिकेतल्या बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. त्या मंडळींनी दहा वर्षं मदत देण्याचं आधीच कबूल केलं होतं. दहा वर्षं! आज मला कुणी दहा महिन्यांची हमी देत नाही. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले, आईचं नाव विद्यापीठाला द्यायची अट घातली, आणि ते नाव अजून आहे. नाव लागलं म्हणून काही बिघडलं नाही, हजारो मुली तिथं शिकल्या. अट नावाची होती. कुठल्या मुलीला काय आणि किती महिने शिकवायचं याचा तक्ता ठाकरसींनी दर तीन महिन्यांनी मागितल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आणि आपल्याही चळवळीत ऐंशी-नव्वदच्या दशकांत यावर रात्र-रात्र वाद झाले. परदेशी पैसा घ्यावा का, पगारी कार्यकर्ती ही कार्यकर्ती राहते का, प्रकल्प आला की मोर्चा थंडावतो का. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, पण जुन्या अंकांतून ते वाचलंय. आज तो वाद कुणी घालत नाही. तो सुटला असं मला वाटत नाही, आम्ही दमलो. आमची पिढी एम.एस.डब्ल्यू. करून आली. आम्हाला प्रस्ताव लिहायला शिकवलं, तर्कचौकट भरायला शिकवलं, 'लाभार्थी' हा शब्द शिकवला. माझा स्वतःचा पगार याच पैशातून येतो. तेव्हा हा दगड मारताना मी काचेच्या घरात उभी आहे हे मला ठाऊक आहे.

आता पैशाकडे जरा नीट बघू. हा पैसा येतो कुठून?

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, १ एप्रिल २०१४ पासून, मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करणं भाग पडलं. पाच कोटींचा नफा झाला तरी कंपनी या कायद्यात येते. कशावर खर्च करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. आरोग्य आहे, शिक्षण आहे, स्त्री-पुरुष समानता आहे, पारंपरिक कलाही आहे. कंपनी जिथं चालते त्या भागाला प्राधान्य द्या, असंही कायदा म्हणतो. बारामतीला औद्योगिक वसाहत आहे, देशी-परदेशी कारखाने आहेत. म्हणजे हा पैसा कुणाच्या दयेचा नाही, कायद्याने काढायला लावलेला आहे. तरी तो वाटताना बॅनर मात्र दानशूर कर्णाचा!

पण गंमत पुढे आहे. आमच्या गावाची ओळख कंपनीने नाही, सहकारी साखर कारखान्याने आहे. शिवनगरची चिमणी दिसली की माळेगाव आलं असं एस.टी.तली माणसं म्हणतात. सहकारी कारखाना ही कंपनी नव्हे. ती सहकारी संस्था, तिला सहकार कायदा लागू. दोन टक्क्यांचं कलम तिला लागत नाही. मग सहकाराने समाजासाठी काहीच केलं नाही का? केलं, भरपूर केलं. ऊसबिलातून टनामागे काही रुपये कापायचे आणि त्यातून शाळा, कॉलेज, दवाखाने उभे करायचे ही पश्चिम महाराष्ट्राची जुनी रीत आहे. माझी कितीतरी नात्यातली मुलं-मुली अशा कॉलेजांतून शिकून इंजिनियर झाली. त्या कपातीचं श्रेय सभासदाला मिळतं, कारण ऊस त्याच्या सातबाऱ्यावरचा. पण त्या टनातला प्रत्येक किलो कुणीतरी पहाटे चारला उठून तोडला, मोळी बांधली, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवली. त्या बाईच्या हिशेबात ती कपात कुठं दिसत नाही. तिची मुलगी त्या कॉलेजच्या फाटकासमोरून उसाच्या गाडीवर बसून जाते. कॉलेज कुणाच्या घामाचं, हे त्या फाटकावर लिहिलेलं नसतं.

तिच्या नावाने एक हिशेब अलीकडे सुरू झाला आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे एक कोटी होतात. एकूण आकडा मोठा आहे. त्यातून २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली, एक्केचाळीस तालुक्यांत ब्याऐंशी वसतिगृहं. चांगली गोष्ट आहे, ती नीट चालावीत म्हणून भांडलं पाहिजे. पण वसतिगृहात पाचवी-सहावीच्या पुढचं पोर राहील. अंगावर पिणारं पोर आईबरोबर फडातच येणार. त्याला उसाच्या सावलीत निजवून आई कोयता चालवणार. त्या पोराचा पाळणा कुणाच्या खात्यात? महामंडळ म्हणतं गावाकडे बघतो, अंगणवाडी म्हणते आमच्या यादीत नाही, कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी उचल दिली, संपलं. आणि मग आम्ही संस्थावाले प्रस्ताव घेऊन उभे राहतो, "वंचित बालकांसाठी".

म्हणजे ज्याचं त्याने करायचं ते झालं नाही की तिथं दान येतं. दान आलं की ज्याचं काम होतं तो सुटतो. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. एका अड्ड्यावर आम्ही देणगीतून पाण्याची टाकी ठेवली. पुढच्या हंगामात पाण्याबद्दल तक्रार घेऊन गेलो, तर समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते तर तुमची संस्था बघते ना?"

आरोग्याचं तर विचारू नका. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून महाराष्ट्रात ओरड झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. का काढतात, तर पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पडली की कोयता पडला, खाड्याचा दंड उचलीत चढला. अंगावरून पांढरं जातं, जंतुसंसर्ग होतो, कारण अंघोळीला पाणी नाही, आडोसा नाही, दिवसभर ओलं कापड आणि वर तीस-चाळीस किलोची मोळी. मग कुणीतरी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल.

या दुखण्याला औषध काय? पाणी, संडास, न्हाणी, पगारी रजा, खाड्याचा दंड बंद, आणि पिशवी काढायची गरज आहे का हे सांगणारा दुसरा डॉक्टर. आणि २०१९ नंतर देणग्या कशाच्या आल्या? पॅडच्या. पॅड वाईट नाही, माझ्याही कपाटात आहे. पण पॅड मोजता येतं. दोन हजार पाकिटं वाटली असं लिहिता येतं. खाड्याचा दंड बंद झाला, हे लिहायला टोळीबरोबर दोन हंगाम बसावं लागतं, मुकादमाशी वाकडं घ्यावं लागतं, आणि त्याचा फोटो निघत नाही. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये चौतीस टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. तो संघटनांनी संप आणि वाटाघाटी करून वाढवला. कुठल्याही आरोग्य प्रकल्पापेक्षा बायांच्या पोटात त्याने जास्त घातलं असेल असं मला वाटतं. पण 'संप' असा रकाना अजून कुठल्या अर्जात मी पाहिला नाही.

शिक्षणाच्या बाबतीत दानाने एकदा फार चांगलं काम केलं होतं, तेही सांगितलं पाहिजे. तेव्हाच्या औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या अड्ड्यांवर साखरशाळा चालवल्या. मुलं जिथं जातात तिथं शाळा जाईल, एवढी साधी कल्पना. २००० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या भारतीयांच्या अमेरिकन इंडिया फाऊंडेशनचा पैसा त्यामागे होता. त्या देणगीने हंगामाचं पंचांग मान्य केलं होतं. पुढे शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक मूल नियमित शाळेत, असं ठरलं. तत्त्व म्हणून आपल्याला तेच हवं होतं. प्रत्यक्षात साखरशाळांचे दिवस संपत आले, आणि अड्ड्यावरून दोन-तीन किलोमीटरवरच्या झेडपीच्या शाळेत पोराला रोज कोण नेणार, याचं उत्तर कुणी दिलं नाही. आई-बाप तर पहाटेच फडात गेलेले. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत कोपीच्या दाराशी बसलेली, आजही बसलेली दिसते. हक्क कागदावर आला म्हणून दान मागे सरकलं, आणि हक्काने तर अड्ड्यापर्यंत यायला नकार दिला. आता तिथं आमच्यासारख्यांची संध्याकाळची शिकवणी चालते, तीही अकरा महिन्यांच्या करारावर.

कलेबद्दल चार ओळी. आमच्याकडे एका सांस्कृतिक देणगीतून लोककला महोत्सव झाला. भाड्याच्या नऊवारी नेसलेल्या कॉलेजच्या मुली ध्वनिफितीवर लावणी नाचल्या. छान नाचल्या. पण इथून दौंडच्या बाजूला चौफुल्याला संगीतबारीची थिएटरं आहेत. तिथं पन्नास वर्षं गाणाऱ्या बाया आहेत. त्यांतल्या एकीला मी बोलावलं होतं. तिला शेवटच्या रांगेत बसवलं आणि शेवटी नारळ दिला. लावणी चालते, लावणीवाली चालत नाही. मुलींच्या पालकांना बरं वाटणार नाही, असं आयोजकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर २००२ साली गेल्या. हयातीत राष्ट्रपतींचं पदक मिळालेली ही बाई अखेरच्या दिवसांत पैशाच्या ओढगस्तीत होती. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार सुरू झाला २००६ साली. वृद्ध कलावंतांना सरकारचं मानधन आहे, २०२४ मध्ये ते सरसकट पाच हजार रुपये महिना झालं, त्याचं स्वागतच करते. पण जिल्ह्याला वर्षाला शंभर नावं, आणि कलावंत असल्याचा पुरावा द्या. वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं. भजनी मंडळाच्या बुवांकडे प्रमाणपत्रं असतात, ट्रंकभर. बारीतल्या बाईचं नाव पेपरात आलंच असेल तर ते पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत. आम्ही तिघींचे अर्ज भरले. एकीने पुरावा म्हणून जुने चाळ पुढे केले. कारकून हसला, मीही कसनुशी हसले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

मग छोट्या गटांनी स्वतःच पैसा का आणू नये, असं विचाराल. आणता येत होता, थोडा. मोठ्या संस्थेला परदेशी मदत यायची, ती त्यातले लाख-दोन लाख गावातल्या गटाला द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा पैसा दुसऱ्या संस्थेला देणंच बंद झालं. प्रशासनावरचा खर्च पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आला, आणि खातं हवं ते दिल्लीच्या एकाच शाखेत. अड्ड्यावरच्या बायांचा गट दिल्लीला खातं काढायला जाणार आहे का? कंपनीचा पैसा हवा तर वेगळी नोंदणी, तीन वर्षांचा अनुभव, इंग्रजीत प्रस्ताव. त्यामुळे पैसा पुन्हा आमच्यासारख्या शिकलेल्यांच्या हातात. आमची जात बघा, आमची आडनावं बघा, मग "प्रतिनिधित्व नसलेले समाज" या शब्दांचा अर्थ कळेल. पारधी, वडार, कोल्हाटी, वंजारी बाया अहवालाच्या मुखपृष्ठावर आणि आम्ही सही करणार. मुक्ता साळवेने खाऊ नको, ग्रंथालय द्या म्हटल्याची गोष्ट आपण सगळ्याजणी शिबिरात सांगतो. आमच्या अर्जात "तुम्हाला काय हवं" हे तिला विचारणारा रकाना कुठे आहे?

आणखी एक. माळेगाव बुद्रुकची ग्रामपंचायत जाऊन २०२१ मध्ये नगरपंचायत झाली. दिवे वाढतील, रस्ते होतील. पण ग्रामसभा गेली, आणि तिच्याबरोबर महिलांची ग्रामसभाही गेली. ऊसतोडीची बाई त्या सभेत तशीही मतदार नव्हती. पण गावातल्या आमच्या बचत गटाच्या बाया तिथं उठून अड्ड्यावरच्या पाण्याचा विषय काढायच्या, तो इतिवृत्तात लिहून घ्यावा लागायचा. आता विषय काढायला जागा नाही, अर्ज करायला खिडकी आहे.

यंदा त्याच देणगीदारांचा नवा करार आमच्यासमोर आहे. रक्कम दीडपट. पाळणाघर, आरोग्य शिबिरं आणि एक 'सांस्कृतिक दिवस'. दर महिन्याला प्रत्येक लाभार्थीचा चेहरा दिसेल असा फोटो, आणि मुदत पुन्हा मार्चअखेर. गेल्या पंधरवड्यात आमच्या गटाची बैठक झाली, ती तीन तास चालली. पाळणाघरात काम करणारी आमची मैत्रीण स्पष्ट म्हणाली, "ताई, तत्त्व तुमचं, पण चूल माझी. नाही मामापेक्षा काणा मामा बरा." तिचे महिन्याचे सात हजार याच करारावर आहेत. तिच्यासमोर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी तिनेच सुचवलं की सरळ नको म्हणू नका, काय हवं ते लिहून पाठवा. आणि लिहिताना नुसती मी नको, म्हणून अड्ड्यावरच्या ज्या पाच बायांचे फोन नंबर आमच्याकडे होते त्यांना गावाकडे फोन लावले.

त्यांनी सांगितलं ते तसंच पत्रात घातलं. पैसे ऑक्टोबरात द्या, हिशेब मे मध्ये घ्या. तीन हंगामांची हमी द्या. चेहऱ्याचा फोटो नाही, हजेरीचं पुस्तक बघायला केव्हाही या. पाळणाघर सकाळी दहाला नको, पहाटे पाचला उघडा. शिबिराचा डॉक्टर एका दिवसापुरता नको, हंगामात चार वेळा तोच डॉक्टर हवा, आणि बाईमाणूस. सांस्कृतिक दिवसाचे पैसे गाणाऱ्या बाईच्या हातात द्या, मंडपवाल्याच्या नको. संडास आणि पाणी यांचे पैसे आम्हाला मुळीच देऊ नका, ते कारखान्याकडून आणि महामंडळाकडून मागून घेण्यासाठी आमच्याबरोबर एक अर्जावर सही करा. ही शेवटची मागणी पाथर्डीच्या एका बाईची आहे. ती म्हणाली, "पैशावाल्याची सही असली की सायेब खुर्ची देतो."

पत्र पाठवून बारा दिवस झाले. पोच आली, उत्तर नाही. ज्या गटांना असे करार आले असतील त्यांनी आपल्या अटी आम्हाला कळवाव्यात, एकमेकींचं बघून लिहिलं तर एकटीचं डोकं फिरलंय असं कुणी म्हणणार नाही. पाळणाघरासाठी आम्ही जागा बघून ठेवली आहे, कालव्याच्या कडेच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीची. मालक भाडं मागत नाही, फक्त पत्रे आमचे. अकरा पत्रे लागतील, चार मिळालेत.